इस्त्रीचे मणी: पाटीवरची रांगोळी, पावसाळी रविवार आणि कोणाचं काम काय

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली थोडी पाल्हाळ कापली आहे, बाकी सगळं तसंच.

कर्जत-खालापूरकडच्या मंडळींना पावसाळा समजावून सांगायची गरज नाही. बाहेरची पाहुणेमंडळी धबधबे बघायला येतात आणि आपल्या घरातली पोरं मात्र आतच अडकतात. अंगणात चिखल, मैदानात पाणी. मग हातात मोबाइल. तुम्ही त्या घरातले दादा, ताई, मामा किंवा आत्या असाल, तर रविवारी दुपारी 'काहीतरी कर ना यांच्यासोबत' हे वाक्य तुमच्याच वाट्याला येतं. आजचा भाग त्या दुपारीसाठी आहे. विषय आहे फ्यूज बीड्स, म्हणजे इस्त्रीने चिकटणारे मणी.

हे मणी म्हणजे नक्की काय?

मण्यांचं काम आपल्याला नवीन नाही. दारावरचं मण्यांचं तोरण, रुखवतात मांडलेली मण्यांची बदकं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथे मणी धरून ठेवतो तो दोरा. इथे दोरा नाही, सुई नाही, गोंद नाही. प्लास्टिकच्या पाटीवर ओळीने बारीक खुंट्या असतात. नळीच्या तुकड्यासारखा दिसणारा एकेक मणी खुंटीवर बसवायचा. चित्र पूर्ण झालं की वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची. मण्यांच्या कडा वितळून एकमेकांना चिकटतात आणि अख्खं चित्र एका चकतीसारखं उचलता येतं.

ही कल्पना स्वीडनमधली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस गुन्नार क्नुटसन यांनी ती काढली, तीही सुरुवातीला वयस्कर लोकांच्या हातांना काम म्हणून. मुलांनी ती नंतर आपलीशी केली. पुढे डेन्मार्कचे 'हामा' आणि अमेरिकेचे 'पर्लर' हे ब्रँड गाजले. ऑनलाइन शोधताना हीच नावं, किंवा 'आयर्न बीड्स', 'फ्यूज बीड्स' असं टाका.

एक गोष्ट आधीच सांगतो. बाजारात तोरणासाठी मिळणारे काचेचे किंवा अ‍ॅक्रिलिकचे मणी यासाठी चालत नाहीत. इस्त्रीचे मणी पॉलिथिलीनसारख्या, कमी उष्णतेला मऊ होणाऱ्या प्लास्टिकचे असतात. दुसऱ्या कुठल्याही प्लास्टिकवर इस्त्री फिरवली तर इस्त्रीही खराब आणि घरभर धूर.

ही तर ठिपक्यांची रांगोळी!

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे खुंट्यांची पाटी दिसली की मला आधी पिक्सेल आठवतात. मोठी चौकोनी पाटी साधारण २९ खुंट्या रुंद आणि २९ उंच असते. २९ गुणिले २९, म्हणजे ८४१ पिक्सेलचा स्क्रीन. जुन्या व्हिडिओ गेममधली चित्रं या मण्यांमध्ये इतकी छान उतरतात ती यामुळेच.

पण आपल्या आज्यांकडे ही पाटी फार आधीपासून आहे. ठिपक्यांच्या रांगोळीचे दोन प्रकार आठवा. एकात ठिपके एकाखाली एक, सरळ रांगेत. ती झाली चौकोनी पाटी. दुसऱ्यात दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेखाली पुढचा ठिपका येतो. आजी म्हणते, '११ ते ६ काढ.' म्हणजे मधल्या रांगेत ११, मग वर-खाली १०, ९, ८, ७ आणि शेवटी ६. एकूण ठिपके किती? ९१. आकार कसा झाला? षटकोन! बाजारात षटकोनी पाटी मिळते तिच्यावरच्या खुंट्या नेमक्या अशाच मांडलेल्या असतात. १५ ते ८ घेतली तर १६९.

म्हणून माझा सल्ला असा, की नमुने शोधायला लगेच इंटरनेटवर जाऊ नका. घरातली रांगोळीची जुनी वही काढा. षटकोनी पाटीवर सहा पाकळ्यांचं फूल आपोआप जमतं, चौकोनी पाटीवर चार बाजूंची नक्षी. आणि आजीला त्या दुपारी मुलांना शिकवण्यासारखं काहीतरी मिळतं.

ऐकून करायचा नमुना: पणती

हा पॉडकास्ट आहे, चित्र दाखवता येत नाही. पण चित्र बोलून सांगता येतं. संगणकात चित्र साठवायची एक साधी पद्धत अशीच आहे: प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा लिहायचा नाही, फक्त 'कोणता रंग सलग किती वेळा' एवढंच लिहायचं. चला, ११ खुंट्या रुंदीची पणती. वरून सुरुवात.

पहिली ओळ: ५ रिकाम्या, १ पिवळा, ५ रिकाम्या.
दुसरी: ४ रिकाम्या, ३ पिवळे, ४ रिकाम्या.
तिसरी: ४ रिकाम्या, १ पिवळा, १ केशरी, १ पिवळा, ४ रिकाम्या.
चौथी: ४ रिकाम्या, ३ केशरी, ४ रिकाम्या.
पाचवी: ११ तपकिरी.
सहावी: १ रिकामी, ९ तपकिरी, १ रिकामी.
सातवी: २ रिकाम्या, ७ तपकिरी, २ रिकाम्या.
आठवी: ३ रिकाम्या, ५ तपकिरी, ३ रिकाम्या.

एकूण मणी ४२: तपकिरी ३२, पिवळे ६, केशरी ४. प्रत्येक ओळीची बेरीज ११ यायला हवी. नाही आली, तर कुठेतरी चुकलंय. पोरांना हे तपासायला सांगा, गणिताचं पुस्तक न उघडता बेरीज होते. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघितल्याशिवाय लावायचं, असा खेळही होतो.

चौथ्या ओळीत ३ मणी मुद्दाम ठेवलेत. ज्योत एकाच मण्यावर उभी केली, तर ती तिथेच तुटते. चित्र कुठलंही असो, एका मण्याची मान ठेवायची नाही. तिरके शेजारीही धरू नका, कारण चौकोनी पाटीवर मणी फक्त वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे नीट चिकटतात.

आता गंमत बघा. नाव लिहायचं असेल तर इंग्रजी अक्षरं सुटी पडतात, प्रत्येक वेगळं उचलावं लागतं. आपल्या देवनागरीला शिरोरेखा आहे! दोन ओळींची जाड शिरोरेखा लावली की अख्खं नाव एका तुकड्यात निघतं. फक्त अनुस्वाराकडे लक्ष ठेवा. तो हवेत राहिला तर गळून पडतो, शिरोरेखेला टेकवूनच लावा.

मुलाचं काम, आपलं काम

आता मुख्य मुद्दा. या कलेत दोन कामं आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळं बिघडतं.

मणी लावणं हे मुलाचं काम. चिमटीत मणी पकडायचा, खुंटीवर बसवायचा, मोजायचं, चुकलं तर काढायचं. बोटांचं वळण, लक्ष आणि संयम यांचा सगळा सराव इथेच होतो. आपण मोठे काय करतो? 'अरे, तो निळा इथे नको' म्हणत पटापट लावून देतो. चित्र देखणं होतं आणि मुलाच्या वाट्याला बघत बसणं येतं. हत्ती हिरवा झाला तर होऊ द्या. पाच पायांचा झाला तरी होऊ द्या.

इस्त्री हे मात्र पूर्णपणे मोठ्यांचं काम. मुलाने हट्ट केला तरी इस्त्री त्याच्या हातात द्यायची नाही, 'मी धरलाय हात' म्हणूनही नाही. वायर लोंबकळती नको आणि काम झाल्यावर इस्त्री थंड होईपर्यंत मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही.

इस्त्री कशी करायची

इस्त्री मध्यम, वाफ बंद. इस्त्रीच्या खुणांमध्ये साधारण दोन ठिपक्यांवर. तीन ठिपके सुती कपड्यांसाठी असतात, तेवढी उष्णता इथे जास्त होते.

वर ठेवायचा कागद बेकिंगचा हवा, म्हणजे सिलिकॉनचा थर असलेला. आपल्याकडे दुकानात 'बटर पेपर' म्हणून बरंच काही मिळतं. मेणाचा थर असलेला कागद चालत नाही, ते मेण वितळून मण्यांवर आणि इस्त्रीवर बसतं. पाकिटावर ओव्हनमध्ये चालतो असं लिहिलंय का, ते पाहा.

इस्त्री दाबायची नाही. हलक्या हाताने गोल फिरवायची, १० ते २० सेकंद. कागद उचलून बघा. मण्यांची भोकं थोडी लहान होऊन कडा एकमेकांना भिडल्या की बस. भोकं पूर्ण बुजली तर चित्र पसरतं, कमी तापलं तर उचलताना सुटतं. थंड होऊ द्या, मग उलटवून दुसरी बाजू तशीच करा. लगेच जाड पुस्तकाखाली ठेवा, नाहीतर चकती पापडासारखी वाकते. खिडकी उघडी ठेवा. जळका वास आला की इस्त्री जास्त तापली आहे हे समजा.

आणि ऐन वेळी लाइट गेली तर? आपल्याकडे पावसात ती जातेच. घाई नाही. मण्यांवर मास्किंग टेप चिकटवून ठेवा, चित्र हलणार नाही. कोळशाची इस्त्री काढू नका, तिची उष्णता आपल्या हातात नसते. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांकडेही नेऊ नका, त्यांची इस्त्री सुती कपड्यांसाठी तापलेली असते.

विकत घेण्याआधी हे ऐका

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचा आहे.

नेहमीचा मणी ५ मिलिमीटरचा असतो. हामा कंपनी हा आकार ५ वर्षांपुढच्या मुलांसाठी सांगते. ३ वर्षांपुढच्यांसाठी १० मिलिमीटरचे मोठे मणी वेगळे मिळतात आणि अडीच मिलिमीटरचे बारीक मणी १० वर्षांपुढच्यांसाठी. घरात ३ वर्षांखालचं बाळ रांगत किंवा चालत असेल, तर मोठ्या भावंडाने टेबलावर बसून, बाळ झोपलेलं असताना खेळायचं. बाळ सापडेल ते तोंडात घालतं. नाकात आणि कानातही मणी जातो.

नाकात किंवा कानात मणी अडकला तर पिन, काडी, चिमटा काहीही घालू नका, तो आणखी आत जातो. थेट डॉक्टर. घशात अडकला आणि मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा, नाही निघाला तर मागून धरून बेंबीच्या वर पोटावर ५ झटके, आणि पुन्हा तेच. दुसऱ्याने तोवर १०८ला फोन लावायचा. वाडीपर्यंत गाडी यायला वेळ लागतो, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट. इस्त्री नको म्हणून 'पाणी मारून चिकटणारे मणी' घ्यावेसे वाटतात. त्यात मण्यावरच गोंद असतो. २००७ साली 'बिंडीझ' नावाचे असे मणी, अमेरिकेत त्यांचं नाव 'अ‍ॅक्वा डॉट्स', परत मागवावे लागले. गोंदात जे रसायन असायला हवं होतं त्याऐवजी दुसरं वापरलं गेलं होतं आणि ते पोटात गेल्यावर गुंगीच्या औषधात बदलत होतं. मणी गिळलेली काही मुलं बेशुद्ध पडली. एकट्या अमेरिकेतच सुमारे ४२ लाख नग परत मागवले गेले. पाण्याचे सगळेच मणी विषारी असतात असं नाही. पण आत काय आहे हे आपल्याला बघून कळत नाही, म्हणून कोणीतरी तपासलेलं असणं गरजेचं.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण बंधनकारक आहे. डब्यावर ती खूण आणि वयाचा आकडा, दोन्ही बघा. सुटे मणी पिशवीत भरून, नाव-गाव काही न लिहिता स्वस्तात मिळत असतील, तर ते राहू द्या.

शेवटच्या दोन युक्त्या

पाटी सरळ जमिनीवर ठेवू नका, परातीत ठेवा. सांडलेले मणी परातीतच राहतात. ओटीवरून झाडूने बाहेर लोटलेला मणी पावसाच्या पाण्याबरोबर गटारात आणि तिथून उल्हास नाहीतर पाताळगंगेत जातो. प्लास्टिक आहे ते, कुजत नाही. रंग वेगळे ठेवायला मसाल्याचा जुना डबा छान, पण स्वयंपाकातून बाद झालेलाच घ्या.

आणि मणी महाग वाटले, किंवा मूल अजून लहान असेल, तर चौकटीची वही आणि रंगीत खडू घ्या. हीच पणती, त्याच आठ ओळी. एका चौकटीत एक रंग. इस्त्री नाही, गिळायची भीती नाही, लाइटही लागत नाही.

तुमच्या घरच्या रांगोळीच्या वहीतला एखादा नमुना अशाच ओळींमध्ये बोलून रेकॉर्ड करा आणि व्हॉइस मेसेजने पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. भेटू!