सेंद्रिय गुळाचा दाखला: शेतातील वहीपासून शिवाजी पार्कच्या दुकानापर्यंत



आपल्या कार्यक्षेत्रातील काही सभासद थोड्या क्षेत्रावर सेंद्रिय ऊस करून त्याचा गूळ व काकवी विकू लागले आहेत. गट कार्यालयात त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, रासायनिक खत मी टाकत नाही, औषध मी मारत नाही, मग हे कागदांचं लचांड कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण या कागदांवरच आपल्या मालाचा जादा दर अवलंबून असतो आणि आपली काही चूक नसतानाही तो हातचा जाऊ शकतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

ओळखीच्या जागी दाखला

लालबाग-परळच्या गिरण्यांत आपल्या गावची माणसे होती, तेव्हा त्यांना गावाकडून गुळाची ढेप जाई. तिच्यासोबत कागद नसे. कोणाच्या गुऱ्हाळाची, हे सांगितले की काम भागे. आज तीच ढेप तिथून जवळच असलेल्या शिवाजी पार्कच्या दुकानात मांडली जाते. तेथील गिऱ्हाईक ना आपल्याला ओळखते, ना आपले रान त्याने पाहिलेले असते. गूळ काळसर आहे म्हणजे तो सेंद्रिय, असेही नव्हे. तो वेष्टनावरचे चिन्ह बघतो आणि जादा पैसे मोजतो. त्या चिन्हाच्या पाठीमागे कोण उभे आहे?

पहिली उभी असते प्रमाणन संस्था. ती आपले शेत व वह्या तपासून प्रमाणपत्र देते. पण या संस्थेला तरी खरी कोणी मानावी? त्यासाठी तिचीही तपासणी होते. प्रमाणपत्र देण्यास ही संस्था लायक आहे, अशी जी मान्यता मिळते तिला 'अधिस्वीकृती' म्हणतात. आपल्या देशात केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने २००१ साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू केला. त्याखाली राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ ही मान्यता देते व त्याचे कामकाज 'अपेडा' हे कार्यालय पाहते.

संस्थेची परीक्षा कशी होते?

संस्था अर्जासोबत आपली कार्यपद्धती लेखी सादर करते. निरीक्षक कोण, त्यांचे शिक्षण काय, तपासणीचा नमुना कोणता, तक्रार आली तर निवाडा कोण करणार, हे सगळे त्यात असावे लागते. ज्याने शेत तपासले त्यानेच प्रमाणपत्राचा निर्णय घ्यायचा नाही. ज्या शेतकऱ्याला प्रमाणपत्र द्यायचे त्याला पैसे घेऊन सल्लाही द्यायचा नाही. त्यानंतर परीक्षक संस्थेच्या कार्यालयात येऊन फायली काढायला लावतात, आणि निरीक्षकासोबत शेतावर जाऊन तो तपासणी कशी करतो तेही पाहतात. मान्यता मिळाल्यावरही देखरेख चालूच राहते.

आता फायली काढायच्या म्हणजे कोणत्या? आपल्याच! गट क्रमांक, लावणीची तारीख, बेणे कोठून आणले, बेणेप्रक्रिया कशाची केली, शेणखत किती व कोणाकडचे, शेजारच्या रानातील फवारा येऊ नये म्हणून किती पट्टा सोडला, ऊस किती निघाला. अशा शेकडो शेतकऱ्यांच्या नोंदींवर संस्थेची परीक्षा होते. आपली वही कोरी असली तर संस्थेची फाईल कोरी राहते.

संगणकाचे काम

एका सेंद्रिय गटात २५ ते ५०० शेतकरी असतात. एवढ्यांचे कागद दोरीने बांधून कपाटात ठेवले, तर ऐनवेळी हवा तो सापडत नाही. म्हणून संस्था आपले दस्तऐवज संगणक प्रणालीत ठेवतात. या प्रणालीचा उपयोग तीन बाबतींत होतो. प्रत्येक कागदाला क्रमांक व तारीख पडते. नमुना बदलला की जुना बाजूला होऊन नवाच वापरात राहतो. आणि कोणी, कधी, काय बदलले याची नोंद मागे राहते, त्यामुळे मागाहून आकडा फिरवला तर तो लपत नाही.

याखेरीज अपेडाने २०१० साली 'ट्रेसनेट' ही प्रणाली सुरू केली. शेतकरी, प्रक्रियादार, व्यापारी व प्रमाणन संस्था यांच्या नोंदी तिच्यात एकमेकींना जोडलेल्या असतात. कारखान्यात ऊसनोंद, तोडणी चिठ्ठी व वजन पावती यांचा मेळ आपण घालतो, तसेच हे समजावे. उदाहरणादाखल, एका सभासदाचे एक एकर प्रमाणित क्षेत्र आहे. त्याचा ४० टन ऊस निघाला व शेकडा ११ उतारा धरला, तर गूळ ४.४ टन होतो. त्याच्या नावावर ७ टन गुळाची विक्री दाखवली, तर उरलेला २.६ टन आला कोठून, हा प्रश्न उभा राहणारच.

साखळी तुटली की

प्रणाली कितीही चांगली असली तरी नियत खोटी असेल तर तिलाही वाट काढणारे भेटतात. २०२० साली भारतातील सेंद्रिय कापसात मोठी फसवणूक उघड झाली. सुमारे २०,००० टन कापसासाठी बनावट दाखले वापरले गेले होते. त्यांवरील चौकोनी संकेतचिन्ह मोबाईलने तपासले, की अपेडाच्या संकेतस्थळासारखेच दिसणारे बनावट स्थळ उघडत असे.

त्याच वर्षी भारतातून गेलेल्या तिळात युरोपात इथिलीन ऑक्साइड या रसायनाचे अंश सापडले. पुढे सेंद्रिय मालातही असे अंश आढळल्यावर, २०२१ च्या अखेरीस युरोपीय संघाने भारतात काम करणाऱ्या पाच प्रमाणन संस्थांना आपल्या मान्य यादीतून वगळले. त्यांच्याकडे नोंदलेल्या ज्या शेतकऱ्यांनी काहीही गैर केले नव्हते, त्यांच्या मालालाही त्या दाखल्यावर युरोपचा दरवाजा बंद झाला. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. जानेवारी २०२५ मध्ये या कार्यक्रमाची आठवी आवृत्ती जाहीर झाली. तिच्यात शेतकरी गटाला कायदेशीर अस्तित्व असणे बंधनकारक झाले, ते अशी जबाबदारी निश्चित करण्यासाठीच.

सभासदांनी काय करावे?

१) करार करण्यापूर्वी संस्थेची अधिस्वीकृती चालू आहे का, हे अपेडाच्या यादीत पाहावे. एजंटाने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये.

२) शेताची वही रोजच्या रोज लिहावी. निरीक्षक येणार म्हणून आदल्या रात्री एकाच शाईने वर्षभराच्या नोंदी करणे म्हणजे आपण होऊन संशय ओढवून घेणे होय. बेणे, खत व जैविक औषधांच्या पावत्या वहीलाच टाचून ठेवाव्यात.

३) रूपांतराचा काळ ध्यानात घ्यावा. हंगामी पिकांना पेरणीपूर्वी किमान दोन वर्षे, तर बहुवर्षीय पिकांना पहिल्या कापणीपूर्वी किमान तीन वर्षे लागतात. आपला लावणीचा व खोडव्याचा ऊस कोणत्या हिशेबात धरला जाईल, हे संस्थेकडून लेखी घ्यावे.

४) गुऱ्हाळाचीही नोंद ठेवावी. रस साफ करण्यास रानभेंडीचा चीक वापरला की हायड्रोस, यावरच सगळे अवलंबून आहे. हायड्रोस पडले की सेंद्रिय उसाचाही गूळ सेंद्रिय राहत नाही.

५) प्रणालीत आपल्या नावे किती क्षेत्र व किती उत्पादन चढवले आहे, याचा उतारा गटप्रमुखाकडून वर्षातून एकदा मागून घ्यावा व वहीशी ताडून पाहावा. आपल्या नावावर दुसऱ्याचा माल विकला जात असेल, तर तो येथेच कळेल.

यांतील पाचव्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे, ही विनंती. कारखान्याची वजन पावती आपण दिवा लावून वाचतो. तीच सवय येथे ठेवावी. अजून वही सुरू केली नसेल, त्यांनी येत्या लावणीपासून करावी. नोंदी कशा कराव्यात हे गट कार्यालयातील शेतकी मदतनीस दाखवतील.

— ऊस विकास अधिकारी