फवारणीचा इशारा आणि बाजारभाव आपोआप मोबाईलवर: एपीआय जोडणी कशी करावी?

टोमॅटोवर करपा दिसू लागला आणि आभाळ भरून आलं, की शेतकऱ्याचा एकच प्रश्न असतो: आज फवारू की उद्या? उत्तर शोधायला तो हवामानाची दोन-तीन ॲप उघडतो आणि शेवटी शेजाऱ्याला विचारतो. कृषी सहायकाकडे असे शेकडो शेतकरी. रोज पहाटे प्रत्येक गावाचा अंदाज बघून संदेश टाइप करणं त्याला शक्य नाही. हे काम यंत्राला लावता येतं. त्यासाठी प्रोग्रामर लागत नाही, पण काही ठिकाणी डोळे उघडे ठेवावे लागतात.

एपीआय म्हणजे काय?

मार्केट यार्डातल्या ओळखीच्या आडत्याला आपण फोन करतो. पीक, प्रत आणि आजचा भाव एवढंच विचारतो, तोही तेवढंच सांगतो. एपीआय हा असाच ठरलेल्या पद्धतीचा प्रश्न आहे, फक्त तो एक संगणक दुसऱ्याला विचारतो. उत्तर 'जेसन' नावाच्या मांडणीत येतं: खान्याचं नाव आणि पुढे त्याची किंमत. काही सेवा कोणालाही उत्तर देतात, काहींना 'की' म्हणजे ओळखीचा परवलीचा शब्द लागतो.

हे प्रश्न वेळेवर विचारायचे, उत्तर तपासायचं आणि संदेश पाठवायचा, ही साखळी लो-कोड मंचावर चौकोन जोडून तयार होते. मी एन८एन वापरतो. ते स्वतःच्या संगणकावर मोफत बसवता येतं, त्यांच्या सर्व्हरवर चालवायचं तर पैसे पडतात. स्वतःच्या संगणकावर ठेवलंत तर वीज गेली की साखळीही बंद, हे लक्षात ठेवा. चौकोन चारच लागतात: वेळेचा, एचटीटीपी विनंतीचा, अटीचा आणि टेलिग्रामचा.

हवामानाचा प्रश्न

सुरुवात ओपन-मेटिओ या सेवेपासून करा. बिगर-व्यावसायिक वापरासाठी ती मोफत आहे आणि की लागत नाही. विनंतीत अक्षांश, रेखांश आणि हवे ते घटक लिहायचे: तासागणिक पाऊस, वाऱ्याचा वेग, आर्द्रता. नारायणगावसाठी अक्षांश सुमारे १९.१२ आणि रेखांश ७३.९७. हे दोन आकडे उलटे पडले तरी सेवा तक्रार करत नाही, कारण तेही पृथ्वीवरचंच ठिकाण आहे: नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळचा गारठलेला समुद्र. जून महिन्यात नारायणगावचं तापमान पाच अंश दिसलं तर आधी हेच तपासा.

त्याहून घातक चूक वेळेची. ती मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विनंतीत टाइमझोन लिहिला नाही तर उत्तरातल्या वेळा ग्रीनिचच्या असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी साडेतीनचा पाऊस उत्तरात सकाळी दहाचा दिसतो. मी टाइमझोन विसरलो आणि संदेश गेला, 'दहाच्या सुमारास पाऊस, सकाळची फवारणी टाळा.' एका शेतकऱ्यानं अकरापर्यंत वाट पाहिली. पाऊस आला नाही, तेव्हा अंदाज हुकला असं समजून त्यानं बारानंतर फवारणी केली. साडेतीनला सर आली आणि पानावरचं स्पर्शजन्य बुरशीनाशक धुऊन गेलं. औषध, मजुरी आणि दिवस, सगळं वाया. अंदाज बरोबर होता, चूक माझी होती. तेव्हापासून टाइमझोनच्या जागी एशिया-कोलकाता लिहिल्याशिवाय मी पुढचा चौकोन जोडत नाही.

घड्याळ आणखी एका जागी फसवतं. एन८एन स्वतःच्या संगणकावर बसवलं, की त्याचं मूळ घड्याळ न्यूयॉर्कचं असतं. पहाटे सहाला लावलेला संदेश उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेतीनला येतो आणि हिवाळ्यात साडेचारला. सेटिंगमध्ये तेही बदला.

उत्तरातली तासांची यादी आजच्या मध्यरात्रीपासून सुरू होते. पहाटे पाचला साखळी चालवून यादीतले पहिले सहा आकडे घेतले, तर होऊन गेलेल्या रात्रीचाच पाऊस हाती लागतो. चालू वेळेपासूनचे आकडे निवडायला हवेत. यासाठी दोन-चार ओळींचा कोड लागतो. तो एआयकडून लिहून घेतलात तरी चालेल, पण निवडलेल्या पहिल्या तासाची वेळ हातातल्या घड्याळाशी ताडून बघा.

मी अट अशी ठेवली आहे: पुढच्या सहा तासांत एकूण १ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस किंवा वारा ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर 'फवारणी टाळा'. औषधानुसार हे तास बदलतात, आंतरप्रवाही आणि स्पर्शजन्य औषधांना एकच माप लावू नका, लेबल वाचा. शिवाय हा अंदाज काही किलोमीटरच्या चौकटीसाठी असतो. डोंगराच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन, हे जुन्नरकरांना मी सांगायला नको. प्रत्यक्ष पडलेल्या पावसासाठी महसूल मंडळात बसवलेली महावेधची केंद्रं आहेत. पिकाच्या सल्ल्यासाठी हवामान विभागाची जिल्हानिहाय पत्रकं मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. विभागाची कृषी हवामान शाखा १९३२ पासून पुण्यातच आहे. आपली साखळी त्या पत्रकाची जागा घेत नाही, दोन पत्रकांमधले दिवस भरून काढते.

बाजारभावाचा प्रश्न

केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर ॲगमार्कनेटचे रोजचे बाजारभाव एपीआयद्वारे मिळतात. नोंदणी केली की स्वतःची की मिळते. नमुन्यासाठी दिलेली की एका वेळी १० नोंदीच देते. बरेच जण तिच्यावरच अडकतात आणि 'पुण्याचा भाव येतच नाही' म्हणतात. स्वतःची की वापरा आणि किती नोंदी हव्यात तो आकडाही विनंतीत लिहा.

प्रत्येक नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, आवकेची तारीख आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव असतो. पुणे, पुणे(मोशी), पुणे(पिंपरी) हे वेगळे बाजार म्हणून नोंदलेले आहेत. नाव संकेतस्थळावर आहे त्याच इंग्रजी स्पेलिंगनं लिहा, एक अक्षर चुकलं तर उत्तर रिकामं येतं. भाव क्विंटलचा असतो. गुलटेकडीत कांद्याचा भाव दहा किलोवर बोलला जातो, म्हणून १,८०० रुपये आले तर संदेशात दहा किलोला १८० असंही लिहा. तारखेशिवाय भाव पाठवूच नका. बाजार बंद असेल किंवा नोंद उशिरा झाली असेल, तर आपल्या हातात जुना आकडा असू शकतो आणि शेतकरी त्यावर गाडी भरतो.

संदेश आणि त्याची जबाबदारी

टेलिग्रामवर बॉटफादर नावाच्या खात्याकडून बॉट तयार करून घेता येतो, तो एक टोकन देतो. व्हॉट्सॲपवर सगळे असतात हे खरं, पण त्यांच्या व्यावसायिक एपीआयला पडताळणी आणि खर्च आहे. म्हणून आधी टेलिग्रामवर चालवून बघावं. टोकन आणि की मंचाच्या 'क्रेडेन्शियल्स' विभागात ठेवा. अडचण विचारताना पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये टोकन दिसलं, तर ते कोणाच्याही हाती लागतं. तसं झालंच तर बॉटफादरकडून लगेच नवीन टोकन घ्या.

विनंती फसली तर आकडा येतो. ४०१ किंवा ४०३ म्हणजे की चुकली, ४२९ म्हणजे फार वेळा विचारलं, ५०० च्या पुढचे आकडे म्हणजे समोरच्या सर्व्हरची अडचण. ही अडचण शेतकऱ्यापर्यंतही पोहोचली पाहिजे. संदेश आला नाही तर तो 'पाऊस नाही' असाच अर्थ काढतो. म्हणून माझ्या साखळीत बिघाडासाठी वेगळी फांदी आहे: 'आज अंदाज मिळाला नाही, स्वतः खात्री करा.' पाऊस नसेल त्या दिवशीही 'फवारणीस हरकत नाही' असा संदेश जातो, सोबत अंदाज घेतल्याची वेळ असते. अख्खा संगणकच बंद पडला तर ही फांदीही चालत नाही. त्यामुळे सकाळी सातपर्यंत काहीच आलं नाही तर फोन करा, असं गटाला आधीच सांगून ठेवलं आहे.

गटाला जोडण्याआधी पंधरा दिवस संदेश फक्त स्वतःच्या मोबाईलवर घ्या. शेतातल्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद वहीत त्याच्याशेजारी लिहा. आमच्याकडे पहिल्या पंधरवड्यात ही वही भरली तेव्हा पावसाची अट दोनदा बदलावी लागली.