काचेचे करंडे

शैवालाच्या मदतीने सोन्याचे नॅनोकण बनवल्याची बातमी वाचून एका वाचकाने विचारलं आहे, ‘हे खरंच इतकं सोपं आणि पर्यावरणस्नेही असतं का?’

सोपं आहे. समुद्रशैवालाचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला, की त्यातली सेंद्रिय द्रव्यं सोन्याच्या आयनांचं क्षपण करतात आणि द्रावण लालसर-जांभळं होतं. ‘हरित’ हे विशेषण मात्र मला पटत नाही. तो क्षार मिळवायला सोनं आधी अम्लराजात, म्हणजे तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळवलेलं असतं. शिवाय शैवाल कुठलं, कुठल्या ऋतूतलं, यावर अर्क बदलतो आणि त्याबरोबर कणांचा आकारही.

शैवालाची करामत पाहायची तर डायाटम पाहावेत! ही एकपेशीय शैवालं स्वतःभोवती सिलिकाचं, म्हणजे काचेचंच, कवच बांधतात; कुंकवाच्या करंड्यासारखं, खालच्या भागावर झाकण बसणारं. त्यावरची नॅनोमापाची छिद्रं जातीगणिक वेगळ्या नक्षीत असतात आणि ती नक्षी पिढ्यान्‌पिढ्या उतरते. कारखान्यात सिलिका करायची तर वाळू आणि सोडा हजार अंशांच्या वर तापवून वितळवतात. डायाटम ती थंड पाण्यात विरघळलेल्या सिलिसिक आम्लापासून करतात. कशी, याचा एक महत्त्वाचा धागा १९९९ साली जर्मनीत रेगेन्सबुर्गच्या क्रोगर, डॉइट्समान आणि झुम्पर यांना सापडला. कवचातून वेगळी काढलेली ‘सिलॅफिन’ प्रथिनं त्यांनी सिलिसिक आम्लात घातली आणि काही सेकंदांत सिलिकाचे नॅनोगोल तयार झाले. गोल घडण्याच्या त्या पायरीला ना भट्टी लागली, ना तीव्र रसायनं.

माणसाने या कवचांचा उपयोग फार आधीच केला. १८६७ साली नोबेलने पेटंट घेतलेल्या डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन शोषून धरणारी माती डायाटमच्या जीवाश्मांचीच होती. आता हीच कवचं औषध वाहून नेण्यासाठी, संवेदकांसाठी तपासली जात आहेत. तिथे सगळं अडतं छिद्राच्या मापावर, म्हणजे जातीवर. कोणती जात कुठल्या पाण्यात वाढते, हे आधी ठाऊक हवं.

ते आपल्यासाठी शोधून ठेवलं डायाटमचे अभ्यासक एच. पी. गांधी यांनी. कोल्हापूर परिसरातले डायाटम त्यांनी गोळा केले, ओळखले, वर्णिले. पन्हाळगडावरच्या डायाटमवरचा त्यांचा निबंध १९५९ मध्ये ‘हायड्रोबायोलॉजिया’त आला. नॅनोतंत्रज्ञानाच्या परिषदांत त्यांचं नाव घेतलं जायला हवं. आणि त्यांनी नोंदवलेल्या जातींची छिद्रं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं काम कोल्हापूरच्याच विद्यार्थ्यांनी हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.