गोदामातली यादी ते स्कॅनर : बारकोडमागचं गणित



आपल्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूरहून निघालेला हा ७०१ किमीचा रस्ता भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे संपतो. ५ जून २०२५ ला त्याचा शेवटचा टप्पा सुरू झाला. भिवंडी म्हणजे देशातल्या मोठ्या गोदामांचं ठिकाण. ऑनलाइन मागवलेली चप्पल, मिक्सर, दप्तर अशाच गोदामांतून निघतं. उद्या आपल्या वर्गातली काही मुलं तिथे कामाला लागतील. तिथलं काम कसं चालतं आणि त्यात शाळेचं काय कामी येतं, ते पाहू.

आधी : कागदाची यादी

ऑर्डर आली की यादी छापायची. कामगार ती हातात घेऊन रॅकमधून फिरतो, वस्तू काढतो, ढकलगाडीत ठेवतो, यादीवर बरोबरची खूण करतो. ८ नंबरच्या जागी ९ नंबरची चप्पल उचलली तरी कागद काही बोलत नाही. चूक कळते ती गिऱ्हाइकाच्या घरी! शिवाय शिल्लक माल संगणकात नंतर भरला जातो. तोवर संपलेल्या वस्तूचीही ऑर्डर घेतली जाते.

आता : स्कॅनर

प्रत्येक कप्प्याला पत्ता असतो. उदा. ब-१२-३ म्हणजे ब ओळ, १२ वा रॅक, ३ रा कप्पा. हातातल्या यंत्रावर पुढचा पत्ता दिसतो, तोही कमी चालावं लागेल अशा क्रमाने. आधी कप्पा स्कॅन करायचा, मग वस्तू, मग नग टाकायचे. वस्तू चुकली तर यंत्र तिथेच अडवतं. शिल्लक साठाही त्याच क्षणी कमी होतो.

पण यंत्राला सगळं दिसत नाही. दोनच नग ठेवून ३ दाबले, किंवा बाटली गळकी निघाली, तर ते माणसालाच पाहावं लागतं. आणि प्रत्येक स्कॅनची वेळ नोंदली जात असल्याने कोण किती सावकाश काम करतो हेही वरिष्ठांना दिसतं. कामाचा ताण त्यामुळे वाढू शकतो, हे मुलांना जरूर सांगा.

वर्गातला उपक्रम

पुडे, साबणाची वेष्टनं गोळा करा. बारकोडखाली बहुतेक वेळा १३ अंक असतात. त्यातला शेवटचा पडताळ्याचा अंक. सरावासाठी ८९०१२३४५६७८९० घ्या.

१. पहिल्या १२ अंकांतले १ला, ३रा, ५वा… असे विषम जागेवरचे अंक मिळवा : ८+०+२+४+६+८ = २८
२. सम जागेवरचे मिळवून ३ ने गुणा : (९+१+३+५+७+९) × ३ = १०२
३. बेरीज : १३०
४. पुढची दहाची पट गाठायला किती लागतात? १३० ही दहाचीच पट, म्हणून ०. शेवटचा अंक ० च आहे. जुळलं!

आता ७ च्या जागी १ लिहा. बेरीज ११२ येते, १२० ला ८ हवेत, पण कोडमध्ये ० आहे. चूक पकडली!

हुशार मुलांसाठी प्रश्न : शेजारशेजारचे १ आणि ६ अदलाबदल झाले तर चूक पकडता येत नाही. का बरं?

यंत्र नुसतं 'चूक' म्हणतं. ते का म्हणतं, हे ज्याला कळतं तो यंत्रामागे नुसता धावत नाही. पाचवीच्या पाढ्यांतून तिथवर जाता येतं. करून बघा!