खेळातला चेहरा आणि आरशातला चेहरा

मुलगा मोबाईलवर फार खेळतो, ही तक्रार आता जुनी झाली. अलीकडे पालक एक वेगळीच तक्रार घेऊन येतात. मुलगा धड खेळतही नाही. खेळातल्या बाहुल्याला तासन् तास नुसता सजवीत बसतो. त्याचे केस बदलतो, नाक सरळ करतो, डोळ्यांचा रंग निवडतो, अंगावर नवे चिलखत चढवतो आणि पाहत राहतो. हे काय लक्षण, याला काही गोळी आहे का, असे विचारतात. गोळी नाही. पण ही मुले नेमके काय करतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांना रागावण्यात अर्थ नाही, म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

या खेळांत हजारो माणसे आपापल्या घरून एकाच काल्पनिक जगात शिरतात. तिथे राजे, राक्षस, जादूगार, जंगले, किल्ले असे सगळे असते. आत शिरण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःसाठी एक पात्र तयार करायचे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा अमेरिकन खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला, तेव्हा त्यात आठ जाती होत्या. माणूस होता, बुटका ड्वार्फ होता, लांब कानांचा एल्फ होता, बैलाच्या तोंडाचा टॉरेन होता, अगदी मरून उठलेला मुडदासुद्धा होता. जात निवडली की स्त्री की पुरुष ते ठरवायचे, मग कातडीचा रंग, चेहरा, केस, दाढी. सुरुवातीला एकदा ठरवलेला चेहरा बदलता येत नसे. लोकांची हौस पाहून २००८ साली कंपनीने खेळातच न्हाव्याचे दुकान उघडले! २०११ मध्ये आणखी एक सोय झाली. अंगावर चिलखत मजबूत असेल ते घालायचे, पण दिसायला ते दुसऱ्याच, आवडत्या चिलखतासारखे दिसेल. कपडे शिवण्याचा धंदाही या खेळात शिकता येतो. मारलेल्या शत्रूंकडून मिळालेले कापड गोळा करायचे, त्याचे तागे करायचे, त्यातून झगे शिवायचे आणि इतर खेळाडूंना विकायचे. 'ब्लॅक डेझर्ट' या कोरियन खेळात तर गालाचे हाड, हनुवटी, पापणी असे एकेक भाग बोटाने ओढून घडवता येतात. 'फायनल फँटसी १४' या जपानी खेळात 'फँटेसिया' नावाचे औषध पात्राने प्यायले, की संपूर्ण रूप पुन्हा नव्याने ठरवता येते. हे औषध खऱ्या पैशांनी विकले जाते. असे औषध खरोखर निघाले असते, तर आम्हा डॉक्टरांच्या दारात लोक रात्रीपासून रांगा लावून उभे राहिले असते.

या पात्राला जगभर 'अवतार' म्हणतात, आणि तो शब्द आपलाच. १९८५ साली 'अल्टिमा' मालिकेच्या चौथ्या खेळात तो आला, आणि १९८६ मध्ये 'हॅबिटॅट' नावाच्या खेळात पडद्यावरच्या आकृतीला सरसकट अवतार म्हणू लागले. आपल्याकडे मात्र विस्कटलेल्या केसांनी मुलगा अंथरुणातून उठला, की आई म्हणते, "काय हा अवतार!" शब्द एकच, पण मुलाला पडद्यावर जे मिळते आणि घरात जे ऐकावे लागते त्यात केवढे अंतर आहे, ते पाहा.

आता माणूस असा अवतार का घडवतो? २००७ साली अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्या ५१ जणांना स्वतःविषयी, आपल्या पात्राविषयी आणि आपण कसे असायला हवे होतो याविषयी प्रश्न विचारले. बहुतेकांचे पात्र हे ते स्वतः जसे होते त्यापेक्षा, त्यांना जसे व्हावेसे वाटत होते त्याच्या जवळचे निघाले. ज्यांची मनःस्थिती मुळात खालावलेली होती, त्यांच्यात हे अंतर अधिक होते. त्याच वर्षी निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी याची दुसरी बाजू दाखवली. त्यांनी काही लोकांना देखणा अवतार दिला, काहींना सामान्य. देखणा अवतार मिळालेली माणसे अनोळखी व्यक्तीच्या अधिक जवळ जाऊन उभी राहिली आणि स्वतःविषयी अधिक मोकळेपणाने बोलली. उंच अवतार मिळालेल्यांनी पैशांच्या वाटणीत अधिक ताणून धरले. म्हणजे रूप आपण घडवतो हे खरेच, पण ते रूपही आपल्याला थोडे घडवते. आपल्याकडे दशावतारातला साधा शेतकरी तोंडाला रंग लावून राजा म्हणून उभा राहिला, की त्याची मान आपोआप ताठ होते. तसलाच हा प्रकार.

काही पालकांना एक वेगळी काळजी असते. मुलाने खेळात बाईचे पात्र घेतले आहे, म्हणून ते घाबरून जातात. एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. पुष्कळ पुरुष स्त्रीपात्र घेऊन खेळतात. कुणाला तिचे कपडे आवडतात, कुणी म्हणतो की तासभर पाठमोरे पात्रच बघत बसायचे, तर ते बरे दिसणारे तरी असू दे.

एक उदाहरण सांगतो. पंधरा वर्षांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. मोबाईलचे वेड, शाळेला दांड्या, रात्रीचे जागरण अशी तक्रार होती. मुलाच्या तोंडावर मास्क. करोना येऊन गेल्याला काही वर्षे झाली, शाळेतल्या सगळ्यांचे मास्क केव्हाच उतरले, याचा मात्र उतरला नव्हता. आई बोलत होती, तो खाली बघत होता. मी त्याला म्हटले, "तुझा गडी दाखव बघू मला." तो जरा चपापला, पण त्याने दाखवला. उंच धनुर्धारी, खांद्यावर शाल, कमरेला भाता. मुलाने कातडीच्या रंगांचा तक्ताही उघडून दाखवला. पंचवीस-तीस छटा असतील. त्याने गोरा रंग घेतला नव्हता. स्वतःच्या हातावरच्या रंगाशी जुळवून, अगदी तोच गव्हाळ रंग शोधून काढला होता. पात्राचे नाक, डोळे यात फारसे काही केलेलेच नव्हते. फक्त रंग सगळीकडे एकसारखा.

मग त्याने मास्क काढला. ओठांभोवती आणि डाव्या पापणीवर कोडाचे पांढरे डाग होते. आठवीत सुरू झाले होते. घरच्यांनी दूध-मासे बंद केले होते आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून बावचीचे तेल लावून त्याला उन्हात बसवले होते. त्याने चेहऱ्यावर फोड आले, ते वेगळेच. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, ते स्पर्शाने पसरत नाही आणि दूध-मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती चुकून त्वचेतील रंग तयार करणाऱ्या पेशींवर हल्ला करते, म्हणून ते होते. त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. मलम आणि विशिष्ट अतिनील किरणांचा उपचार सुरू झाला. सात-आठ महिन्यांत पापणीचा डाग बराच भरला. ओठांवरचे मात्र फारसे हलले नाहीत, ओठ आणि बोटांची टोके उपचाराला कमीच दाद देतात. मुलगा आता शाळेत मास्क लावत नाही, लग्नकार्यात लावतो. खेळ तो अजूनही खेळतो.

आईने आणलेली तक्रार खोटी नव्हती. जागरण होत होते, दांड्या होत होत्या. पण मोबाईल काढून घेतला असता, तर तो मास्क तसाच राहिला असता. मूल आपल्या पात्रात काय बदलते हे पाहिले, की पुष्कळदा त्याला स्वतःतले काय खुपते ते कळते. लठ्ठ मुलगी सडपातळ योद्धी करते, मुरमांनी हैराण झालेला मुलगा तुकतुकीत गालांचा जादूगार करतो. मुरमांवर आणि लठ्ठपणावर उपचार आहेत. मूल तोंडाने ते सांगत नाही, एवढेच. सगळीच मुले मनातली खंत रंगवतात असेही नाही. कित्येकांना निव्वळ मौज वाटते, कुणी मुद्दाम अक्राळविक्राळ राक्षस करून मित्रांना हसवतो. दर पात्रामागे दुःख शोधत बसू नये.

नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाची हकिगत मात्र पालकांनी जरूर ऐकावी. त्याला ड्युशेन हा स्नायूंचा आनुवंशिक आजार होता. सुमारे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. स्नायूंना बळकट ठेवणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन शरीरात तयारच होत नाही. मूल उशिरा चालते, सारखे पडते, पोटऱ्या जाड दिसतात, जमिनीवरून उठताना ते स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभे राहते. (तीन-चार वर्षांच्या मुलग्यात असे दिसले, तर 'पाय कच्चे आहेत' म्हणून मालिश करीत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, रक्तातील सीपीके तपासा.) बहुतेकांना बाराव्या वर्षाच्या आसपास चाकाची खुर्ची लागते, पुढे श्वास आणि हृदय दुबळे होते. मॅट्सही खुर्चीत गेला. शेवटी त्याची फक्त बोटे थोडीफार हलत असत. दिवसभर तो संगणकावर खेळे, आणि आपला मुलगा एकाकी, मित्राविना आयुष्य काढतो आहे, असे आईवडिलांना वाटत राहिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला.

वडिलांनी त्याच्याच लेखनाच्या जागी मृत्यूची बातमी टाकली आणि आपला पत्ता दिला. निरोपामागून निरोप येऊ लागले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये मॅट्सने 'इबेलिन' नावाचे पात्र केले होते. पिळदार शरीराचा एक उमदा गडी. खेळात शिरला की इबेलिन आधी भरपूर धावे. चालताही न येणाऱ्या मुलाने स्वतःला काय दिले, ते डॉक्टर म्हणून मला फार बोलके वाटते. त्या टोळीतल्या पुष्कळांना त्याच्या आजाराचा वर्षानुवर्षे पत्ता नव्हता. त्यांना ठाऊक होता तो ऐकून घेणारा, धीर देणारा मित्र. अभ्यासात मागे पडली म्हणून एका डच मुलीचा संगणक तिच्या आईवडिलांनी काढून घेतला, तेव्हा मॅट्सने त्या आईवडिलांना पत्र लिहून तिची बाजू मांडली होती. त्याच्या अंत्यविधीला युरोपातल्या निरनिराळ्या देशांतून ही मंडळी आली. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपटही निघाला.

याचा अर्थ मुलांना मोकळे सोडावे असा कुणी घेऊ नये. मॅट्सला बाहेरचे मैदान बंद होते, आपल्या धडधाकट मुलाला ते बंद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत खेळाच्या विकाराची नोंद केली आहे, आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. निदानासाठी किती तास खेळतो एवढेच पाहत नाहीत. खेळणे थांबवणे हातात राहत नाही, जेवण-झोप-शाळा-माणसे या सगळ्यांच्या वर खेळ जाऊन बसतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो किंवा वाढतो. असे साधारण बारा महिने चालले, तर तो विकार. सुट्टीतले पंधरा दिवस वेड्यासारखे खेळणे म्हणजे विकार नव्हे. त्यामुळे पालकांनी घड्याळापेक्षा झोप, वजन, गुण आणि मित्र यांकडे लक्ष द्यावे. रात्री फोन मुलाच्या उशाशी नको, ही एक गोष्ट मात्र मी कडकपणे सांगतो, आणि ती आईवडिलांच्या फोनलाही लागू आहे.

पैशांचेही पाहायला हवे. मुलगा 'स्किन घ्यायची आहे' म्हणाला तर त्वचेचा प्रश्न समजू नका, पात्राच्या नव्या पोशाखाला स्किन म्हणतात आणि ती विकत मिळते. काही खेळांत बंद पेटी विकतात. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियममध्ये २०१८ साली अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या गेल्या. मुलाच्या हाती दिलेल्या फोनला बँक खाते जोडलेले ठेवू नये, आणि खरेदी करायचीच असेल तर महिन्याची रक्कम आधी ठरवून समोर बसून करावी.

आणि एकदा शेजारी बसून, "हा कोण, याला असा का केलास?" असे विचारावे. चेष्टेच्या सुरात नको. मूल बोलतेच असे नाही, पण बहुतेक बोलतात, आणि न थांबता बोलतात. मूल घराबाहेर पडेनासे झाले, आरशात पाहायचे टाळू लागले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर मात्र वाट पाहू नये. आपल्या डॉक्टरांना भेटावे, किंवा टेली मानस या सरकारी मदतवाहिनीवर १४४१६ क्रमांकाला फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत २०१४ पासून याच प्रश्नांसाठी 'शट' नावाचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे, पण आपल्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागापासून सुरुवात केली तरी चालेल.

कोडावरील उपचारांविषयी काही वाचकांनी पूर्वीच पत्रे पाठवली आहेत. त्यांना उत्तरे पुढच्या आठवड्यात.