बेने इस्रायलांचे भांड्यांचे सोवळे

कोथरूडहून कॅम्पात गेले म्हणजे १८६७ साली बांधलेले 'लाल देऊळ' दृष्टीस पडते. आपण देऊळ म्हणतो खरे, पण ते ज्यूंचे प्रार्थनामंदिर होय. रास्ता पेठेतही त्यांचे एक मंदिर आहे. ते बेने इस्रायल समाजाचे. हे लोक आपल्याला परके नाहीत. मराठी ही त्यांची मातृभाषा. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. असा एखादा धर्मनिष्ठ स्नेही घरी आला आणि आपल्या पातेल्यातले अन्न त्याने नाकारले, तर तो आपला अपमान समजावा काय?

यासाठी त्यांचा नियम पाहू. डुकराचे मांस, कोळंबी, खेकडे त्यांना वर्ज्य; मांस व दूधही एकत्र चालत नाही. म्हणून त्यांच्या मटणाच्या रश्शात नारळाचा रस पडतो. वर्ज्य पदार्थ शिजला की त्याची चव भांड्याच्या अंगात मुरते व पुढच्या ऊन अन्नात उतरते, असे त्यांचे शास्त्र मानते. अहोरात्र लोटल्यावर ही चव बिघडते. तरीही ताज्या-शिळ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून पंडितांनी तशी भांडीही वर्ज्य ठरविली.

शुद्धीचे सूत्र सोपे आहे: चव जशी शिरली तशीच काढावी. पाण्यात शिजविण्याचे धातूचे पातेले घासून, अहोरात्र तसेच ठेवून उकळत्या पाण्यात बुडवावे. मांस भाजण्याची लोखंडी सळई विस्तवात लाल करावी. मातीच्या मडक्याला उपाय नाही, कारण माती शोषलेले सोडीत नाही. काचेबद्दल मतभेद आहेत: सेफार्दी परंपरेत ती धुतली की पुरे, अश्केनाझी परंपरा अधिक कडक.

मडके टाकावे आणि धातू शुद्ध करून घ्यावा, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. पण तिच्या सोवळ्यात भांड्याला कोण शिवले हेही पाहिले जाई, आणि त्यापायी आपण माणसे दूर लोटली. बाहेरच्यांनी रांधलेल्या अन्नाविषयी ज्यूंचे निराळे नियम आहेत. परंतु भांड्याच्या या शुद्धीत प्रश्न एवढाच, की आत काय शिजले?

तेव्हा त्याचा नकार पातेल्याला आहे, आपल्याला नव्हे. त्याला काय चालते हे मोकळेपणाने विचारावे. काचेच्या पेल्यात थंड पाणी आणि दोन केळी पुढे ठेवली, तरी पाहुणचारात उणे पडत नाही.