मागे घर, पुढे मोटार

बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्यास 'उलाळ' ह्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. आसाच्या मागल्या अंगास पोती अधिक झाली की गाडीचे तोंड वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याखालचे पट्टे जनावरांना आवळू लागतात. उलट पुढल्या अंगास भार फार झाला तर जू मानेवर दडपते आणि बैल कोसभरातच धापा टाकू लागतात. म्हणून जाणता गाडीवान भरताना मधून मधून दांड्या हाताने उचलून पाहतो आणि भार किंचित पुढे, परंतु किंचितच पुढे येईल, अशा बेताने शेवटची दोन पोती ठेवतो. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. तथापि अमेरिकेत तीन-चार टनांचे घर मोटारीमागे जोडून हमरस्त्याने निघालेल्या कुटुंबाचा जीव नेमका ह्याच विद्येवर अवलंबून असतो.

हे मोटारीमागचे घर म्हणजे इंग्लंडातील कॅरव्हॅन व अमेरिकेतील ट्रॅव्हल ट्रेलर. त्याची वंशावळ घोड्यापासून सुरू होते. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका हौशी डॉक्टराने ब्रिस्टॉलच्या कारखान्यातून केवळ सहलीसाठी म्हणून एक घोडागाडी बांधवून घेतली. 'वॉन्डरर' असे तिचे नाव. पुढे मोटार आली आणि घोड्याची जागा इंजिनाने घेतली. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत वॉली बायम याने अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, विमानासारख्या गोलाईचा 'एअरस्ट्रीम' ट्रेलर प्रसिद्धीस आणला. १९५९-६० साली तर ह्या चंदेरी घरांचा एक तांडा तो केपटाऊनपासून कैरोपर्यंत सबंध आफ्रिका खंड ओलांडून घेऊन गेला. आज पंचवीस-तीस फूट लांबीचे, आत स्वयंपाकघर, स्नानगृह, पलंग असे सर्व काही असलेले ट्रेलर अमेरिकेत सर्रास दिसतात. बहुतेक राज्यांत ते ओढण्यास निराळा परवाना लागत नाही. ब्रिटनमध्येही डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. परीक्षा नाही, म्हणून अभ्यासही नाही, असा समज मात्र महागात पडतो. परदेशी राहणाऱ्या मुलाकडे गेलेले आईवडीलही आता अशा भाड्याच्या घरातून हिंडून येतात. तेव्हा ह्या वाहनाचे वर्म आपल्या वाचकांसही ठाऊक असणे बरे.

ट्रेलरची चाके त्याच्या मध्याच्या थोडी मागे असतात. पुढे निघालेल्या दांडीच्या टोकाशी एक वाटी असते व ती मोटारीच्या पाठीमागील पोलादी गोळ्यावर बसते. गोळ्यावर किती भार पडतो, हा ह्या विषयातील पहिला आणि जवळजवळ शेवटचा प्रश्न. अमेरिकेतील नियम असा की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गोळ्यावर असावा. साडेतीन हजार किलोच्या ट्रेलरला म्हणजे साडेतीनशे ते सव्वापाचशे किलो. ब्रिटनमध्ये ट्रेलर हलके आणि वेगही मर्यादित. तेथे पाच ते सात टक्के पुरेसे मानतात. भार ह्याहून कमी झाला की गाडी उलाळ झाली, एवढेच समजावे. बैलगाडी उलाळ झाली तर ती जागच्या जागी कळते, कारण बैल तसे सांगतात. मोटार सांगत नाही. ती निमूटपणे गावाबाहेर पडते आणि वेग वाढल्यावर मग सांगते.

हा भार बिघडतो कसा, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. कारखान्यातून निघताना घर रिकामे असते. मग त्यात माणसे संसार भरतात. पाण्याची टाकी साठ गॅलनची असेल तर नुसते पाणीच सव्वादोनशे किलो होते. ती टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे, हे घेणाऱ्याने विचारलेले नसते. प्रवासात पुढच्या टाकीतले स्वच्छ पाणी संपते आणि मागच्या टाकीत सांडपाणी साठते, म्हणजे कोणी हात न लावता भार आपण होऊन मागे सरकतो. त्यात शेवटी मुलांच्या सायकली अगदी मागच्या टोकास टांगल्या जातात. चाळीस किलोच्या सायकली चाकांपासून चार मीटर मागे आणि गोळा पाच मीटर पुढे, असे धरले तर गोळ्यावरील बत्तीस किलो उणे होतात. आकडा लहान वाटेल. परंतु टोकास लटकलेले वजन एकदा बाजूला हेलावले की त्याला थोपवणे फार कठीण जाते, आणि खरा धोका त्यातच आहे. जड वस्तू खाली, चाकांच्या जवळ अथवा थोड्या पुढे ठेवाव्या. टोके हलकी ठेवावी. आणि अंदाजावर न विसंबता वजन करावे. अमेरिकेत ट्रकच्या थांब्यांवर वजनकाटे असतात. थोड्या पैशांत प्रत्येक आसावरील भार छापून मिळतो. ह्या कागदाचे मोल ट्रेलरच्या आतील सर्व शोभेच्या सामानाहून अधिक आहे.

मग भार पुढे जितका अधिक तितके चांगले, असे म्हणावे काय? तसेही नाही. गोळा मोटारीच्या मागील चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तेथील भार तरफेसारखे काम करतो. मोटारीच्या पुढील व मागील चाकांत ३.६ मीटर अंतर असेल, गोळा १.२ मीटर मागे असेल आणि त्यावर चारशे किलो भार असेल, तर मागील आसावर पाचशे तेहतीस किलो चढतात आणि पुढील आसावरून एकशे तेहतीस किलो उतरतात. वळवावयाचे काम पुढील चाकांचे, आणि नेमकी तीच हलकी होतात. बेळगाव, चिकोडी, अथणी भागात उसाच्या हंगामात चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचललेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस हे निराळे सांगावयास नको. ह्यावर उपाय म्हणून मोठ्या ट्रेलरला पोलादी स्प्रिंगच्या दोन दांड्या लावतात. त्या ताणून बसवल्या की मागील चाकांवरचा काही भार पुन्हा पुढील चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर ढकलला जातो. मोटारीचा पार्श्वभाग खाली बसलेला आणि दिवे आकाशाकडे रोखलेले दिसले, तर ह्या दांड्या नीट ताणलेल्या नाहीत किंवा मोटारच त्या कामाची नाही, असे समजावे. मोटार किती टन ओढू शकते हा जाहिरातीतला आकडा येथे उपयोगी पडत नाही. गोळ्यावरील भार, आत बसलेली माणसे आणि सामान मिळून मोटारीच्या स्वतःच्या वहनक्षमतेत बसते की नाही, हे पाहावे लागते. आणि बहुधा ती मर्यादाच आधी संपते.

आता हेलकाव्याविषयी. सरळ रस्ता आहे, उतार लागला आहे, बाजूने एक मोठा ट्रक झपाट्याने पुढे जातो. त्याच्यापुढील हवेचा दाब प्रथम ट्रेलरचे शेपूट बाजूस ढकलतो, आणि ट्रक निघून जाताच तेच शेपूट उलट ओढले जाते. ट्रेलर डावी-उजवीकडे डुलू लागतो. प्रत्येक जोडीला वेगाची एक मर्यादा असते. तिच्या आत हेलकावे दोन-तीन फेऱ्यांत आपोआप विरतात. तिच्या पलीकडे तेच हेलकावे प्रत्येक फेरीत वाढत जातात. ही मर्यादा कोठे आहे हे रस्त्यावरील पाटी सांगू शकत नाही, कारण ती त्या दिवशी घर कसे भरले आहे त्यावर ठरते. मागे जड भरलेल्या घराची मर्यादा खाली उतरते. काल ज्या वेगात सर्व सुखरूप होते, त्याच वेगात आज, सायकली टांगल्यावर, घात होऊ शकतो.

अशा वेळी माणसाचा पहिला स्वभाव ब्रेक दाबण्याचा. तो दाबताच मोटार मंदावते, मागचे घर मंदावत नाही. ते पुढे लोटते आणि मिटत्या चाकूच्या पात्यासारखी दोन्ही वाहने एकमेकांवर मुडपतात. दुसरा स्वभाव सुकाणूचक्र उलटसुलट फिरवून हेलकावा मारण्याचा. परंतु हात नेहमी क्षणभर उशिरा पोचतो आणि मारावयाचा हेलकावा आणखी पोसला जातो. वेग वाढवून गाडी 'ओढून सरळ' करावी असा एक सल्ला हौशी मंडळींत ऐकू येतो. तो तर निव्वळ घातक आहे. वेग वाढवणे म्हणजे मर्यादेच्या आणखी पलीकडे जाणे होय. करावयाचे ते इतकेच: वेगाच्या पेडलवरून पाय उचलावा, चक्र सरळ आणि घट्ट धरावे, आणि ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर केवळ तेच, चालकाच्या हाताशी असलेल्या खटक्याने लावावे. मागचे घर मागे खेचले गेले की दोर ताणल्यासारखी जोडी सरळ होते. हा खटका कोठे आहे हे डोळे मिटून सापडले पाहिजे. म्हणून रिकाम्या मैदानात, मंद वेगात, तो दहा-वीस वेळा दाबून पाहण्याचा सराव निघण्यापूर्वीच करावा. हेलकावा थांबल्यावर 'सुटलो' म्हणून पुढे जाऊ नये. गाडी सुरक्षित जागी उभी करून आतील सामान पुन्हा लावावे आणि चाकांतील हवा तपासावी. कारण अद्याप दूर झालेले नसते.

अलीकडच्या पुष्कळ मोटारींत हेलकावा ओळखून आपण होऊन ब्रेक लावणारी यंत्रणा असते. ती उत्तम आहे. पण वाईट भरलेली गाडी ती चांगली भरलेली करीत नाही.

जोड सुटला तर काय, ही भीती प्रत्येकास असते आणि तिचा बंदोबस्त साधा आहे. दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या आडव्या बांधतात. वाटी गोळ्यावरून निसटलीच तर दांडी रस्त्यात न रुतता ह्या झोळीत पडते. त्याखेरीज एक बारीक तार मोटारीस बांधलेली असते. घर अजिबात सुटले की ती तार एक खीळ उपसते आणि ट्रेलरवरील बॅटरी त्याचे ब्रेक आपोआप आवळते. ही बॅटरी उतरलेली असेल तर तारेचा उपयोग शून्य. नवी चाके बसवल्यावर पहिल्या पन्नास मैलांनंतर त्यांचे नट पुन्हा आवळावे लागतात, हेही पुष्कळ जण विसरतात.

वेगाची किंमत गणिताने कळते. ताशी पंचावन्न मैलांऐवजी सत्तर मैलांनी गेल्यास ब्रेकना जिरवावी लागणारी शक्ती सव्वापट नव्हे, सोळा दशांश पट होते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यास पंचावन्न मैलांची मर्यादा आहे, ब्रिटनच्या मोठ्या महामार्गांवर साठ, ती ह्याच कारणाने. डोंगरात हा हिशोब अधिकच कठोर होतो. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांहून उंच आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस उताराचे प्रमाण सहा-सात टक्के आहे. तेथून उतरताना जो पाय सतत ब्रेकवर ठेवतो, त्याचे ब्रेक तापून निकामी होतात. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, इंजिनालाच गाडी रोखू द्यावी, आणि ब्रेक थोडा वेळ ठामपणे लावून पुन्हा सोडावा. चढताना ज्या गिअरने गेलो त्याच गिअरने उतरावे, ही जुन्या घाटचालकांची रीत येथेही खरी ठरते.

राहिला मुक्कामाचा प्रश्न. वळताना ट्रेलरची चाके आतला कोपरा कापतात, म्हणून मोटार थोडी पुढे नेऊन मग वळवावी. पेट्रोलपंपावर मात्र मागचे टोक बाहेर फेकले जाते आणि खांबाला घासते. मागे घेताना नवशिक्याची फजिती ठरलेली. डावीकडे फिरवले की घर उजवीकडे जाते! त्यावर तोडगा असा की हात चक्राच्या तळाशी धरावा. मग हात ज्या बाजूस सरकतो त्याच बाजूस घराचे शेपूट वळते. गंमत अशी की लांब ट्रेलर आखूड ट्रेलरपेक्षा सावकाश वळतो, म्हणून सोपा जातो. मागे उभ्या राहून खुणा करणाऱ्या व्यक्तीने चालकाच्या आरशात दिसेल अशा जागीच उभे राहावे, आणि 'थांबा' ह्या खुणेचा अर्थ दोघांनी आधी ठरवून घ्यावा. असंख्य पतिपत्नींचे भांडण तंबूच्या मैदानावर ह्याच मुद्द्यावर होते. शंका आली की उतरून पाहावे. त्यात कमीपणा नाही.

घर जागेवर बसले की प्रथम त्याच्या चाकांस दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकाव्या, आणि त्यानंतरच वाटी गोळ्यावरून उचलावी. हा क्रम उलटला तर थोड्या उतारावरही घर आपल्या वाटेने निघून जाते.